पोर्तुगिजांच्या आधीचे ठाणे

मी वसईचा ख्रिस्ती आहे हे कळले, की ‘म्हणजे तुम्ही पोर्तुगिजांच्या काळातले ना?’ हा प्रश्न येतोच. तुम्हीही तो विचारलात म्हणून लिहितो. आमच्या घराण्यापुरते उत्तर होय असेच आहे. पण या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबर आला, हे मला मान्य नाही. वसई त्यांच्या हाती गेली १५३४ मध्ये. त्याआधी २१३ वर्षे, एप्रिल १३२१ मध्ये, इटलीतील तोलेंतिनो गावचे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे थॉमस ठाण्यात मारले गेले, तेव्हा ते तेथल्याच नेस्तोरियन, म्हणजे रोमपासून वेगळ्या पौर्वात्य पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरलेले होते.

थॉमस दारिद्र्यव्रताच्या बाबतीत कमालीचे कडवे. त्या आग्रहापायी त्यांना स्वतःच्याच संघाची कैद भोगावी लागली. सुटल्यावर ते आर्मेनियाला गेले, आणि चीनमधील मिशनचे वर्तमान १३०७ च्या सुमारास पोपच्या कानी घालणारेही तेच. अखेरच्या प्रवासातसुद्धा त्यांना चीनलाच जायचे होते. इराणच्या आखातातील होर्मुझहून निघालेले जहाज ठाण्याला लागले, एवढाच त्यांचा आपल्याशी संबंध. यजमान नवराबायकोच्या भांडणाची फिर्याद काझीकडे गेली, साक्षीला या पाहुण्यांना बोलावले गेले, आणि साक्ष बाजूला राहून धर्मावरच वाद पेटला. थॉमस व दोन सोबती त्यात ठार झाले. सामान राखत मागे थांबलेल्या चौथ्यालाही दोन दिवसांनी मारले.

मला अधिक ओढ आहे ती पुढच्या हकिकतीची. डॉमिनिकन या दुसऱ्या संघाच्या जॉर्डन नावाच्या धर्मगुरूंनी त्यांना पुरले. त्यानंतर लवकरच आलेले संन्यासी ओदोरिक लिहितात, की आजारी पडलेले स्थानिक लोक, मूर्तिपूजक आणि मुसलमानही, वधाच्या जागेवरची माती पाण्यात कालवून पीत आणि बरे होत. बरे होत की नाही हे मी सांगणार नाही. पण पीराच्या दर्ग्यावरचा अंगारा घरी नेणाऱ्या आपल्या मुलखाला हे वागणे परके वाटू नये.

ओदोरिकांनी अस्थी उकरून चीनच्या झैतून (आजचे क्वानचौ) बंदरात नेल्या. वाटेत ज्या घरात झोपले ते पेटले, तेव्हा उशाशी ठेवलेल्या याच अस्थींनी आपल्याला वाचवले, असे ते सांगतात. थॉमस यांचे शिर तोलेंतिनोला गेले. पोप तेरावे लिओ यांनी १८९४ मध्ये त्यांच्या भक्तीला मान्यता दिली, त्यामुळे चर्चच्या लेखी ते अजून संत नाहीत, धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडे, आहेत. त्यांचा स्मृतिदिन ९ एप्रिल.