उन्हाळी विद्या आणि ओला घाट

पक्के लायसन्स हवे असेल तर दुचाकीवाल्याला मैदानात इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. पाय जमिनीला न टेकवता तो आकडा पुरा केला, की सरकारच्या दृष्टीने तुम्हाला गाडी येते. (मराठी आठ काढायला सांगितला असता, तर बहुतेक उमेदवार गाडीसकट मैदानाबाहेर गेले असते.) शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर किमान तीस दिवसांनी या परीक्षेला बसता येते. माझे ते दिवस एप्रिल आणि मे महिन्यांत गेल्यामुळे माझी सगळी विद्या उन्हाळी होती. वळण कसे घ्यावे, चढावर गाडी बंद न पडता कशी उचलावी, हे सारे मला येत होते, पण ते कोरड्या डांबरावर येत होते, आणि या दोहोंत किती अंतर असते हे जुलैतल्या एका शुक्रवारी कोल्हापूरहून साखरप्याला घरी जाताना कळायचे होते.

नोकरी कोल्हापुरात आणि आईवडील आंबा घाटाखाली, अशी माझी वाटणी आहे. मधले अंतर ऐंशीएक किलोमीटरचे. इतकी वर्षे ते एसटीने कापले, आणि मग चाळिशी ओलांडल्यावर, गावातल्या बायका स्कूटरवर समाधानी असताना, मी गीअरची मोटारसायकल घेतली. कारण विचाराल तर हौस, एवढेच उत्तर आहे. दुसऱ्या शनिवारची सुटी जोडून आली होती, म्हणून अंधार पडण्याआधी घाट उतरावा या हिशेबाने अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. कोल्हापूरचा माणूस जुलैत प्रवासाला निघताना आकाश नंतर पाहतो आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी आधी विचारतो. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या दिवशी पाणी इशाऱ्याच्या बरेच खाली होते, त्यामुळे न जाण्याला कारण उरले नाही.

नक्षत्र पुनर्वसू, म्हणजे तरणा पाऊस. पंचांगकर्ते पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन देतात. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस, कोल्हा किंवा मेंढा असेल तर जेमतेम, असा तो ठोकताळा असतो. हवामानशास्त्र त्याला मानत नाही, आणि मीही मानत नाही, पण निघताना आईचा फोन आला तो वाहन सांगायलाच. यंदा म्हैस होती.

शिवाजी पूल ओलांडून केर्लीच्या अलीकडे पहिली सर आली आणि मी एका पत्र्याच्या टपरीखाली गाडी लावून थांबले. भिजण्याची भीती नव्हती, रेनकोट अंगावरच होता. थांबले ते अण्णांच्या सांगण्यावरून. माझे वडील एसटीत चालक होते आणि त्यांच्या निवृत्त आयुष्यातही रस्त्याविषयीची मते काही निवृत्त झालेली नाहीत. सर सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे रस्ता सर्वांत निसरडा असतो, असे ते सांगतात, आणि ते खरे आहे. कोरड्या तासांत डांबरावर साचलेली धूळ, गाड्यांचे गळलेले तेल आणि टायरांची झीज थोड्या पाण्यात कालवली जाते आणि रस्त्यावर बुळबुळीत थर चढतो. जोराची सर टिकली तर तोच पाऊस तो थर धुऊन नेतो. म्हणून भुरभुर सुरू होताच घाईने पुढे काढणारा आणि मुसळधार झाल्यावर थांबणारा माणूस नेमके उलटे करत असतो. त्या टपरीखाली एक चहा पिऊन होईपर्यंत असे बरेच जण माझ्यासमोरून गेले.

पुन्हा निघाल्यावर पहिली अडचण झाली ती डाव्या हाताची. ज्याने बरीच वर्षे बिनगीअरची स्कूटर चालवली आहे, त्याचा डावा हात मागचा ब्रेक दाबायला सरावलेला असतो. मोटारसायकलवर त्याच जागी, त्याच आकाराची मूठ असते, पण ती असते क्लचची, आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली गेलेला असतो. बिचकलेल्या हाताने ती मूठ आवळली तर गाडी थांबत नाही, उलट इंजिनापासून सुटते आणि उतारावर मोकळी धावते. कोरड्या रस्त्यावर हा घोटाळा निस्तरायला वेळ मिळतो, ओल्यावर तो मिळेलच असे नाही. म्हणून मी डाव्या हाताला एक वेगळे काम देऊन टाकले. उजव्या हाताला ॲक्सिलरेटर सोडता येत नाही, तेव्हा हेल्मेटची काच पुसण्याचे खाते डाव्याकडे. काचेचा त्रास दुहेरी असतो, बाहेरून थेंब आणि आतून श्वासाची वाफ. बाहेरचे थेंब मान किंचित तिरकी केली की वाऱ्याने सरकतात. आतल्या वाफेवर काच बोटभर उघडी ठेवणे हाच इलाज, आणि मग त्या बोटभर फटीतून पाऊस थेट डोळ्यांत येतो. यावर परिपूर्ण तोडगा कोणाला सापडला असेल असे मला वाटत नाही.

वाघबीळला पन्हाळ्याचा फाटा मागे पडला आणि गाड्यांची वर्दळ थोडी विरळ झाली, तेव्हा लक्षात आले की एवढ्या वेळात मी एकही पाटी वाचलेली नाही. उन्हाळ्यात गाडी चालवताना मी पाट्या, माणसे, शेते, पुढच्या ट्रकमागचा मजकूर, सगळे पाहत असे. आता नजर रस्त्याच्या अंगावरून हटत नव्हती. ओल्या डांबराचेही किती प्रकार असतात! खडबडीत काळे डांबर पाण्यातही धरून ठेवते, गुळगुळीत होऊन चकाकणारे ठेवत नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी यांच्यावर गाडी सरळ उभी असताना जावे, कललेली असताना जाऊ नये. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते पाण्याकडे पाहून कळत नाही. पुढची गाडी त्यातून जाताना किती दचकते ते पाहून कळते, म्हणून पुढच्या गाडीच्या चाकोरीतून, पण तिच्यापासून भरपूर अंतर राखून जावे. बांबवड्याकडे महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम चालू असल्यामुळे डंपरांच्या चाकांतून गळलेली तांबडी माती जागोजागी रस्त्यावर पसरली होती, आणि या सर्व प्रकारांत त्या मातीइतके फसवे दुसरे काही नाही. अगदी नवा टायर ही त्यात आणखी एक भर असते, कारण साच्यातून निघालेल्या रबरावर चकाकी असते आणि ती झिजून जायला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात. माझे ते किलोमीटर सुदैवाने मे महिन्यातच, रंकाळ्याभोवती फेऱ्या मारण्यात खर्ची पडले होते.

वेगाचे गणित मात्र कागदावर सोपे आहे. ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे साठवरून चाळिसावर आले की ते अंतर निम्म्याहूनही कमी होते. पावसाने पकड जितकी काढून घेतली, तितकी एवढ्या एका कृतीने परत मिळते. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हे गणित समजावून सांगण्याची सोय नसते, त्यांना पुढे जाऊ द्यावे. समोरून येणाऱ्या एसटीने उडवलेल्या पाण्याचा लोट अंगावर आला की क्षणभर काहीच दिसत नाही. त्या क्षणी काहीही करायचे नसते. ब्रेक नाही, वळवणे नाही, आधी दिसत होता तसाच रस्ता पुढे आहे असे धरून सरळ राहायचे. नवशिक्याला सर्वांत कठीण जाते ते हेच, कारण घाबरलेल्या हाताला काहीतरी करावेसे वाटते. मलकापूर येईपर्यंत मला उमगले होते की माझी सगळी मेहनत हातांना गप्प बसवण्यात चालली आहे. मूठ सैल, कोपर सैल, ब्रेक हलका पण वेळेआधी, ॲक्सिलरेटर हळू उघडायचा आणि हळूच मिटायचा. उन्हाळ्यात मी गाडी चालवण्याला जोर लावणे समजत होते.

आंब्याला पोहोचले तेव्हा पावसाची जागा धुक्याने घेतली होती. २०१७पासून निघालेल्या दुचाकींचा पुढचा दिवा सतत चालूच राहतो, तो बंद करायचे बटण त्यांना नसते. तरीही रस्त्यावरची सज्जन माणसे अजून बोटांची उघडझाप करून “दिवा चालू राहिलाय” अशी खूण करतात, आणि त्या दिवशी कोल्हापुरातून निघतानाही एका काकांनी केली होती. घाटमाथ्यावर तशी खूण कोणी केली नाही. धुक्यात दिवा खाली वळवलेलाच बरा, वर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते.

आंबा घाट पावसाळ्यात किती बेभरवशाचा असतो हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत इथे दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि आमचा कोल्हापूरशी संबंधच तुटला होता. त्यामुळे कड्याच्या बाजूला नजर ठेवून, दगड-माती आलेली दिसते का ते पाहत उतरायचे. “ज्या गीअरवर घाट चढतेस त्याच गीअरवर उतर,” हे अण्णांचे वाक्य मी दुसऱ्या गीअरवर शब्दशः पाळले. इंजिनच गाडीला मागे ओढून धरत होते आणि ब्रेक केवळ वळणाआधी लागत होता. घाटात न्यूट्रल करून गाडी सोडणारे आणि त्यात पेट्रोल वाचते असे मानणारे लोक आमच्या भागात खूप आहेत. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांपुरते त्यात थोडे तथ्य असेल, पण इंधन फवारणाऱ्या नव्या गाड्यांपैकी बहुतेक गाड्या गीअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर मिटला की इंधनच तोडतात. तेव्हा ही काटकसर जीव टांगून केलेली आहे आणि तीही पोकळ. गायमुखाच्या आसपास कड्यावरून पडणारे पाणी रस्त्यावरूनच वाहत होते आणि ते पाहायला थांबलेल्या पर्यटकांच्या गाड्या नेमक्या वळणावर उभ्या होत्या. पाण्यापेक्षा त्यांची मला अधिक धास्ती वाटली. खाली धुके संपले, हवा उबदार झाली आणि कोकणातली गुरे रस्त्याच्या मधोमध निवांत रवंथ करत बसलेली दिसू लागली. त्यांच्यासाठी हॉर्न वाजवणे व्यर्थ असते, वळसा आपणच घ्यायचा.

घरी पोहोचले तेव्हा आई टॉवेल घेऊन अंगणात आली आणि अण्णा कंदील घेऊन. कंदील माझ्यासाठी नव्हता. त्यांनी वाकून आधी दोन्ही टायर पाहिले, मग साखळीला बोट लावून ते नाकाशी नेले, आणि “उद्या सकाळी रॉकेलने पूस आणि तेल घाल, नाहीतर आठवड्यात गंजेल, बाय,” एवढे बोलून ते आत गेले. आईचा मुद्दा निराळा होता. २०२३पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट लागते, एसटी घरासमोरच थांबते, तिला छप्पर असते आणि चालवायला दुसरा माणूस असतो, मग पेट्रोल जाळून भिजत येण्यात शहाणपण ते कोणते, असे तिने बुटांत रद्दीचे बोळे कोंबता कोंबता विचारले. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. रविवारी पाऊस असला तर गाडी इथेच ठेवून एसटीने जा, असे तिने सुचवले आणि मी पाहू म्हटले. आतून अण्णांनी विचारले, “चढताना ओझं किती असणार आहे?” त्यावरून आईला काय ते कळले, आणि ती तांदळाची पिशवी थोडी लहान बांधायला लागली.