आयलंडचा मिक्स

रविवार, रात्री उशिरा

माझ्या आवडत्या रेगे रेकॉर्डवर दादा फोनवर सहज बोलून गेला. "अच्छा, तो आयलंडवाला मिक्स होय? तो गोऱ्यांसाठी केलेला." मग आईचा गुडघा, तिकडची थंडी वगैरे. फोन ठेवला, पण डोक्यात तेवढंच राहिलं.

जमैकन गायक बर्निंग स्पिअरची 'मार्कस गार्वी', १९७५. पावसाळ्यापासून घरात दुसरं फारसं वाजलेलंच नाही. आज मात्र ती लावायला हात धजेना. शोधून वाचलं, तर दादाचं खरंच आहे. निर्माता जॅक रुबीने जमैकात केलेलं काम लंडनच्या आयलंड कंपनीने घेतलं, मिक्स, म्हणजे आवाज-वाद्यांचा तोल, बदलला, काही गाण्यांचा वेगही हलवला. तिकडच्या गोऱ्या श्रोत्याला जड जाऊ नये म्हणून. विन्स्टन रॉडनी, म्हणजे स्पिअरच, त्यावर नाराज होता. पुढे त्याने स्वतःचं लेबल काढलं. म्हणजे ज्या आवाजावर मी भाळलो तो कुणीतरी पोराच्या ताटात बिनतिखटाची भाजी वाढावी तसा वाढलेला.

मी गोरा नाही. पण उपरा तर आहेच. गार्वी, काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेला जमैकन नेता, सेंट अ‍ॅन्स बेचा, रॉडनीही तिथलाच. गुलामीचे दिवस आठवतात का, असं तो विचारतो तेव्हा मला विचारत नाही, एवढं कळतं. तरी अंगावर काटा येतो. आता तो काटा त्याच्या गळ्याचा की लंडनच्या मिक्सचा? हे कुणाला विचारायचं? घरात विचारलं तर उत्तर येतं, आवाज कमी कर.

सगळंच उशिरा आलं माझ्याकडे. बाबांच्या रेकॉर्डी विकल्या तेव्हा मीच... जाऊ दे.

पण उशिराचं म्हणाल तर काँगोज या गायक गटाची 'हार्ट ऑफ द काँगोज' बघा. १९७७ ची, निर्माता ली पेरीच्या ब्लॅक आर्क स्टुडिओतली. ती आयलंडने काढलीच नाही. जमैकात थोड्या प्रती निघाल्या, आणि १९९६ मध्ये ब्लड अँड फायर या लेबलने ती पुन्हा काढेपर्यंत कितीतरी लोकांच्या ती कानावरही पडली नव्हती. 'साता मासागाना' हे अ‍ॅबिसिनियन्स या गायक त्रयीचं गाणं तर १९६९ चं, स्टुडिओ वनमधलं. स्टुडिओचा मालक कॉक्सन डॉडला ते चालेलसं वाटेना, म्हणून टेप पडून राहिली. शेवटी अ‍ॅबिसिनियन्सनीच ती विकत घेतली आणि १९७१ मध्ये आपल्या क्लिंच लेबलवर काढली. डॉडसारख्या तयार कानाच्या माणसाला, तेही किंग्स्टनमध्ये बसून, ऐकू आलं नाही! हे वाचून बरं वाटलं. दुसऱ्याच्या चुकीने बरं वाटू नये, पण वाटलं.

मग दादानेच मागच्या खेपेला आणलेली सात इंची रेकॉर्ड काढली, जमैकातच छापलेली. मधलं भोक एवढं मोठं की अडॅप्टरशिवाय बसत नाही, आणि तेही नेमकं मधोमध नाही. त्यामुळे टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, फेऱ्यागणिक आत-बाहेर झुलतो आणि सूरही थोडा डुलतो. एका बाजूला गाणं. पालटली की व्हर्शन: गायक जवळजवळ गायब, नुसता बेस आणि ड्रम, मधेच त्याचा अर्धा शब्द उगवतो आणि प्रतिध्वनीत विरून जातो. ही डबची कला ज्याने वाढवली तो किंग टबी मुळात रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा. एकाच रिदमवर, म्हणजे तयार बेस-ड्रमवर, दहा गायक गाऊन जातात, कुणी काही मोडतं, कुणी वर बोलतं. मूळ कुठलं म्हणून तिकडे कुणी अडून बसलेलं दिसत नाही. अडून बसलोय तो मी, इथे, चहा गार करत.

अर्थात टबीने मोडलं ते तिथल्याच नाचणाऱ्यांसाठी. आयलंडने बदललं ते माझ्यासारख्यांसाठी. हा फरक राहतोच, तो मला पुसता येत नाही. आणि त्या फरकाच्या कुठल्या बाजूला मी उभा आहे तेही दिसतंय.

मूळ जमैकन प्रतीची किंमत बघितली. तेवढ्यात हिचा रूट कॅनाल होतो, आणि तो आधी करायचाय. तेव्हा 'गार्वीज घोस्ट' मागवून टाकली, याच रेकॉर्डचं १९७६ चं डब. स्वस्त होती. तीही आयलंडचीच.

बाकीचं पुढच्या पगारानंतर बघू.