तारा दखाले इतलं दूर?

मंगळवार, रात्री उशिरा

नाना एवढंच म्हणाले, "तारा दखाले इतलं दूर? धाबावर खाटलं टाक ना." (तारे बघायला इतक्या लांब? गच्चीवर खाट टाक ना.) आणि कूस बदलून झोपले. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

लडाखमधल्या हानलेला तारे बघायला जायचा बेत कागदावर तयार आहे. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर, अमावस्येच्या मागेपुढे तीन-चार रात्री. लेहला उतरलं की दोन दिवस नुसतं पडून राहायचं, कारण लेहच 3,500 मीटरवर, हानले गाव त्याच्याही सातशे-आठशे मीटर वर आणि वेधशाळेची टेकडी 4,500 मीटरवर. मग न्योमावरून पुढे. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या अंगातल्या खिशात. टॉर्चला लाल जिलेटिन. हे सगळं मांडून झालं, आणि नानांच्या एका वाक्यानं ते लग्नाच्या खर्चाच्या यादीसारखं वाटायला लागलं.

धाब्यावरून काय दिसतं ते मला ठाऊक आहे. चौकातला हायमास्ट दिसतो. पांढरा एलईडी, वरून उघडा, अर्धा उजेड रस्त्यावर आणि अर्धा ढगांना. उत्तरेला ध्रुव सापडतो, सप्तर्षी पुरे होतात, पण अरुंधती बघायला डोळे बारीक करावे लागतात. आकाशगंगा नाही. लोडशेडिंग असलं की थोडी बरी गत, म्हणजे वायरमनच्या कृपेवर आपलं खगोलशास्त्र.

हानलेत 2022 मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार राखायचा प्रदेश, जाहीर झालं तेव्हा गावकऱ्यांनाच साध्या बैठकीच्या आठ इंची डॉबसोनियन दुर्बिणी देऊन शिकवलं. रात्री खिडक्यांना जाड पडदे, दिव्यांना वरून टोपण, गाडीचे हेडलाइट मंद. यात महागडं काय आहे? टोपण तर पत्र्याचंही चालतं. आपल्या गावात हे कुणाला सांगायला जावं तर... जाऊ दे.

खरा फरक कोरडेपणाचा. हानले थंड वाळवंट आहे. हिमालयाच्या आडोशाला, पाऊस-बर्फ मिळून वर्षाला दहा सेंटीमीटरही नाही. हवेत बाष्प कमी म्हणून तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण (हे चंद्र म्हणजे शास्त्रज्ञ चंद्रशेखर) अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड वेधही घेते. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा पंचेचाळिशीला टेकतो, पण वर धुळीचा पडदा. हिवाळ्यात धूळ बसते, तर केळीच्या ओल्या बागांमुळे दहिवर असं पडतं की तासाभरात भिंग पांढरं. (काळ्या कार्डशीटची नळी, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांब, पुढे बसवली की निम्मा त्रास जातो. कापडानं पुसू नका, ओरखडे पडतात.) वाळवंटाचा ताप आपल्याला आणि आकाश त्यांना, हा कुठला न्याय? आता हे लिहिताना हसू येतंय, पण संध्याकाळी खरंच रडकुंडीला आलो होतो.

म्हणजे नाना चूकच. आकाश तेच, असं नसतंच.

तेच नसतं, म्हणून मग अक्षांश मांडून पाहिले. हानले 32.8 अंश उत्तर, जळगाव 21. दक्षिणेचा तारा इथून जवळजवळ बारा अंश जास्त वर येतो. अगस्त्य तारा इथे क्षितिजापासून सोळा अंशांवर, फेब्रुवारीत रात्री सव्वानऊच्या सुमारास भर दक्षिणेला. तिथे साडेचारच अंश, म्हणजे बहुधा डोंगराआड. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथे एकवीस अंशांवर, 10×50 च्या द्विनेत्रीतही कापसाच्या बोंडाएवढा फुललेला. आणि त्रिशंकू, तो क्रुसासारखा तारकासमूह! तो हानलेत क्षितिजाच्या वर डोकंही धड काढत नाही. इथे मेच्या मध्यावर साडेनऊला नऊ अंशांवर उभा असतो. तासाभरानं ओमेगा, आणि साडेअकराच्या पुढे मित्र तारा.

हे नानांना सांगायचं की नाही, ते ठरत नाहीये. सांगितलं तर ते जिंकले. एक मात्र त्यांना ठाऊक नसणार: हानलेची ती दुर्बीण चालवणारे शास्त्रज्ञही बहुतेक वेळा हानलेत नसतात. बंगळुरूजवळ होसकोटेला बसून उपग्रहाच्या दुव्यावरून चालवतात. शिवाय त्या उंचीवर प्राणवायू कमी, त्यामुळे अंधारातली नजरही मंदावते. खोल श्वास घेत बघावं लागतं. म्हणजे इतक्या लांब जाऊन धापा टाकत तारे.

तरी जायचं आहेच. आकाशगंगेची सावली पडते म्हणतात, ती...

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचाही विचार केला. शके 1128 च्या शिलालेखात तिथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठाला दान दिल्याची नोंद आहे, म्हणजे खान्देशात खगोलाला अनुदान आठशे वर्षांपूर्वी होतं. पण देवळाच्या दक्षिणेला डोंगर, नऊ अंशांचा त्रिशंकू तो गिळून टाकणार, आणि रात्री अभयारण्यात थांबायला वनखात्याची परवानगी हवी.

त्यापेक्षा वावर बरं. दक्षिणेला दहा-पंधरा किलोमीटर मोठं गाव नको. केळी असेल तर बागेपासून वीस पावलं मागे सरकायचं. मेमध्ये कपाशीचं रान मोकळंच असतं, तिथे तो प्रश्न नाही. नऊ अंशांवरचा उजेड डोक्यावरच्यापेक्षा सहापट हवेतून येतो, म्हणून वळवाची सर पडून धूळ बसली की दुसऱ्याच रात्री जायचं, अमावस्येची वाट बघत बसायचं नाही. चंद्र मावळला असला की झालं. मोबाइल खिशात, डोळ्यांना अर्धा तास अंधार.

बांधावरचा मोटारीचा दिवा तेवढा कुणाला तरी बंद करायला सांगावा लागेल. थ्री-फेजची पाळी रात्रीची असली तर तेही नाही जमायचं.