सोमवारी अजिंठा बंद असतो

परवा रात्री लेकरं झोपल्यावर 'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन' हा इंग्रजी पिक्चर परत लावला, 1983 चा पहिला, आणि शेवटाला ह्याही वेळेस पोटात कालवलं. कॉमेडी आहे, हसून हसून पोट दुखतं हे खरंय, पण तो क्लार्क ग्रिसवोल्ड बायको-लेकरांना घेऊन शिकागोहून पार कॅलिफोर्नियाला गाडीनं निघतो, वाटेत गाडी वाळवंटात आदळते, म्हातारी एडना आत्या गाडीतच मरते अन् तिला टपावर बांधून न्यावं लागतं, आणि एवढं सगळं करून वॉली वर्ल्ड ह्या मनोरंजन पार्कच्या गेटवर पोचतो तर दोन आठवडे दुरुस्तीसाठी बंद! तिथला क्लार्क झालेल्या चेव्ही चेसचा चेहरा बघितला की मला आमचे अण्णाच दिसतात.

आम्ही परभणीचे. मी सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत अण्णांनी अजिंठ्याला जायला ट्रॅक्स गाडी ठरवली, काकाचं घर, आमचं घर आणि आत्या असे अकरा जण, आईनं आदल्या रात्री दोनपर्यंत धपाटे केले. फर्दापूरला पोचलो तेव्हा कळालं की अजिंठा सोमवारी बंद असतो. बरं म्हणून रात्री संभाजीनगरात पाहुण्यांकडं मुक्काम केला, सकाळी वेरूळ गाठलं, तर मंगळवारी वेरूळ बंद. तेव्हा काय मोबाईल नव्हते, विचारणार कोणाला. अण्णा गेटच्या गजाला धरून उभेच राहिले, कोणी काही बोलेना. शेवटी आत्या म्हणली, "भाऊ, देव तर उघडा हाय नं, चल." मग घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं आणि बाहेर झाडाखाली धपाटे सोडले.

तिथं अण्णांनी एक काडी घेतली अन् मातीत कैलास लेणं काढून दाखवलं. शाळेच्या सहलीत पाहिलेलं त्यांनी. सोळा नंबरचं लेणं, एकच खडक, वरून खाली कोरत आणलेला, म्हणजे आधी कळस मग पाया, हे सांगताना त्यांची काडी वरून खाली यायची अन् आम्ही पोरं त्या मातीकडं असे बघायलो होतो की खरंच तिथं हत्ती दिसतील.

ह्या पिक्चरची कथा जॉन ह्यूजची, ती त्यानं आधी मासिकात लिहिली होती, आणि ती मासिकातली कथा बाप सांगत नाही, पोरगा सांगतो. मला हे फार पटलं. बाकीच्या भागांत युरोपचा (1985) मला तितका नाही आवडला, वेगासचाही नाही, पण 1989 चा ख्रिसमसवाला नक्की बघा. घरावर 25,000 दिवे लावायचा त्याचा आटापिटा सगळ्यांना आठवतो, मला मात्र पोटमाळ्यावर अडकलेला क्लार्क आवडतो, थंडीत बसून घरातल्या जुन्या रिळा बघत डोळे पुसणारा. पोरांचे नट दरवेळी बदलतात, बाप तोच राहतो.

मागच्या डिसेंबरात अण्णांना घेऊन वेरूळला गेलो, गुरुवारी. गुडघे दुखतात म्हणून हाताला धरून हळूहळू आत नेलं. सोळा नंबरच्या अंगणात ते बराच वेळ मान वर करून उभे होते, मग माझ्याकडं वळून म्हणले, "मातीत काढलं होतं तसंच हाय का नाही?"