उपजीविकेचे साधन : नाही

एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला मी मानवी हक्कांचा पेपर शिकवते. अभ्यासक्रम संयुक्त राष्ट्रांच्या १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यापासून सुरू होतो आणि १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यापाशी संपतो. हक्कांचे उल्लंघन तुरुंगात, पोलीस कोठडीत, कुठेतरी दूर होते आणि समाजकार्यकर्ता नंतर मदतीला जातो, असेच त्यातून मुलांच्या मनावर ठसते. म्हणून मी दरवर्षी दोन तासिका १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाला देते. या कायद्याखाली पोलीस वॉरंटाशिवाय ताब्यात घेऊ शकतात, आणि पहिल्याच वेळी माणूस एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात, म्हणजे भीक मागताना धरलेल्यांना अडकवून ठेवण्याच्या संस्थेत, जाऊ शकतो. आदेश देताना न्यायालयाने ज्या गोष्टी विचारात घ्यायच्या, त्यांत माणसाच्या परिस्थितीची चौकशी करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल येतो, आणि तो अहवाल बहुधा आमच्यातल्याच कुणीतरी लिहिलेला असतो.

त्या दिवशी मी भीक मागण्याची व्याख्या वाचून दाखवत होते. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे, अशा कोणत्याही बहाण्याने भिक्षा मागितली तरी ती भीकच, असे ती व्याख्या म्हणते. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “मॅडम, भविष्य सांगणंपण?” मी हो म्हटले आणि पुढे गेले. तिथे मी थांबायला हवे होते, हे मला तासानंतर कळले.

दुपारी तो माझ्या खोलीत आला. त्याचे वडील पिंगळा. पहाटे कंदील आणि कुडमुडे (हातातले लहान वाद्य) घेऊन दारोदार जायचे, भविष्य सांगायचे आणि सुपातून येईल ते धान्य झोळीत घ्यायचे. चौदा गावे आजोबांपासून वाटणीने आलेली होती. दुष्काळाच्या एका वर्षी ते शहरात गेले आणि रेल्वे स्थानकाबाहेर धरले गेले. मुलगा तेव्हा आश्रमशाळेत दहावीला होता. वडील कुठे आहेत हे घरी कळायला दोन महिने लागले, आणि ते घरी आले वर्षानंतर. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून अहवालाची झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली.

अहवाल एका पानाचा होता. मूळ गाव : फिरस्ता. उपजीविकेचे साधन : नाही. कुटुंब : संपर्क होऊ शकला नाही. गृहभेट : रकाना कोरा. शिफारस : संस्थेत ठेवणे योग्य. खाली सही आणि नावापुढे एम.एस.डब्ल्यू.

“बाबांच्या खिशात माझ्या शाळेचा फोन नंबर होता, मॅडम,” तो म्हणाला. “कुणी विचारलाच नाही.”

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले, कारण हे मथळे मीच शिकवते, याच क्रमाने. त्यांखाली काय लिहायचे, त्यासाठी समोरच्या माणसाजवळ किती वेळ बसायचे, ‘साधन काय’ असे न विचारता ‘सकाळी उठल्यावर तुम्ही काय करता’ असे विचारायचे, उत्तर आले नाही तर घर गाठायचे, हे मी किती वर्षे तोंडी सांगून सोडून देत आले आहे. मुलांचे रेकॉर्डिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या लेखी नोंदी, तपासताना मी तारीख, तास आणि सही पाहते. कोऱ्या रकान्यासाठी मी कधी गुण कापल्याचे मला आठवत नाही.

विभागातल्या एका सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की एका अधिकाऱ्याकडे इतकी प्रकरणे असतात की गृहभेट शक्यच नसते. कामाच्या ओझ्याबद्दल त्यांचे म्हणणे खरे आहे. पण भेट झाली नाही असे लिहिणे आणि माणसाला साधनच नाही असे लिहिणे, या दोन वाक्यांत एका माणसाचे वर्ष जाते. आम्ही शिक्षक ओझ्याचे कारण फार लवकर स्वीकारतो.

पुढच्या तासाला, त्याच्या संमतीने, वर्गाने तोच अहवाल नव्याने लिहिला. तो वडिलांच्या जागी बसला आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारले. ‘उपजीविकेचे साधन’ या एका रकान्याला चाळीस मिनिटे लागली. चौदा गावे, सुगीचे महिने, कोणत्या गावात काय धान्य मिळते, पावसाळ्यात काय करतात, हे सगळे लिहून झाल्यावर एका मुलीने हळूच विचारले, “मग यात गुन्हा कुठे आहे?” ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने याच कायद्याची अनेक कलमे घटनाबाह्य ठरवली, हे मी तेव्हा सांगितले. तो निकाल दिल्लीपुरता होता, हेही सांगावे लागले.

आता फिल्डवर्कची, म्हणजे कोणत्या मुलाने कोणत्या संस्थेत प्रत्यक्ष काम शिकायचे याची, नेमणूक करायची आहे. त्याने लेखी अर्ज दिला आहे, त्याला भिक्षेकरी गृहच हवे आहे. त्याच्या मनावर काय ओझे येईल याची मला काळजी वाटते, आणि त्याला नाकारायचे तर कोणत्या अधिकाराने, हेही मला सांगता येत नाही. यादी सोमवारी फलकावर लावायची आहे. त्याच्या नावापुढची जागा मी अजून भरलेली नाही.