वर्धा ते चिखलदरा सायकलनं: डांबर सोडू नका

आधी कामाचं सांगतो. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात सायकल घेऊन निघाला असाल आणि रात्री पाऊस येऊन गेला असेल, तर पांधणीत, म्हणजे शेतातल्या मातीच्या वाटेत, चाक घालू नका. कोणी का सांगेना. चहावाला, मोबाइलचा नकाशा, नाहीतर बाजूच्या शेताचा मालक. मला तिघांनीही सांगितलं.

मी वर्ध्यात राहतो, शाळा तेरा किलोमीटरवर. २०२१ साली पेट्रोल शंभरीपार गेलं तेव्हा वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. रोजचे सव्वीस किलोमीटर, गाडी देते पंचेचाळीस, म्हणजे महिन्याला चौदाशे-पंधराशे रुपये नुसते जाण्यायेण्यात जळतात. गाडी घरी ठेवली आणि भाच्याची पडून असलेली गिअरची सायकल काढली. तेव्हापासून उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर रोज सायकल. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत वर्धा, आर्वी, कौंडण्यपूर, अमरावती, परतवाडा, चिखलदरा असे चार दिवसांत दोनशेच्या आतबाहेर किलोमीटर जाऊन येऊ, त्यात काय मोठं, असं वाटलं. खरंच मोठं काही नव्हतं. ते दोन किलोमीटर सोडून.

पहिला दिवस आंजी, खरांगणा करत आर्वी. वाऱ्याचा त्रास नाही, कापसाची वेचणी सुरू, तूर डोक्याएवढी. दुपारी तीनला पोचलो, नातेवाइकांकडे जेवलो, झोपलो. रात्री पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी कूस बदलली. तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

सकाळी देऊरवाड्याच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, समोर कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. दर्शन घेतलं, पुढे टपरीवर चहाला थांबलो. तिथे एक गृहस्थ सायकलकडे बघत म्हणाले, "कायले फेऱ्यानं जाता सर, पांधनीनं निंगून जा ना. चार-पाच किलोमीटर वाचते. सरकं कुऱ्ह्याच्या रोडले लागता." मी विचारलं, चिखल? "काई नाई. टॅक्टर जाते ना."

ट्रॅक्टर जातो! ट्रॅक्टरचं मागचं चाक माझ्या खांद्याएवढं असतं, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही. नकाशा उघडला, त्यातही रेघ दिसत होती. पांधणीच्या तोंडाशी एक शेतकरी भेटले, तेही म्हणाले, जा बिनधास्त.

पहिले तीनशे मीटर मुरूम होता, मजेत गेलो. मग काळी माती. कोरडी असताना भेगा पडते आणि पाणी प्यायली की फुगते, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. फुगलेली माती सायकलचं काय करते ते पुस्तकात नाही. आधी टायरवर एक पातळ थर बसतो. तो थर दुसरा थर ओढतो. वाटेत सोयाबीन काढलेलं, त्याचं कुटार सगळीकडे सांडलेलं, ते त्या मातीत मिसळतं आणि घराच्या भिंतीला लिंपतात तसला गारा तयार होतो. वीस-पंचवीस पावलांत मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट भरली. पुढचं चाक थांबलं. फिरेना, मागेही जाईना. वाकून पऱ्हाटीच्या काडीनं कोरलं, दहा पावलं चाललो, पुन्हा जाम. ब्रेकच्या दोन्ही पायांमध्ये गोळा, चेनवर गोळा, चपलेखाली दोन-दोन किलोचा गोळा. सायकल चौदा किलोची, सामान अकरा किलो, आणि माती किती ते देवाला माहीत. शेवटी सामान वेगळं आणि सायकल वेगळी, अशा दोन खेपा करत धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, गवतावरून निघालो. धुऱ्यावर सराटे. मागचं चाक दोनदा पंक्चर.

दोन किलोमीटरला अडीच तास लागले. याला पर्याय नव्हता का? होता. पहिल्यांदा चाक अडलं तिथेच मागे फिरायचं. पण "आता थोडंच राहिलं असेल" हा विचार त्या मातीहून चिकट असतो.

शेवटी हट्टानं एकदा पेडल मारलं आणि मातीनं भरलेला मागचा डेरेलर, म्हणजे चेन या गिअरवरून त्या गिअरवर नेणारा भाग, आऱ्यांत गेला. तो ज्यावर लटकतो तो हँगर वाकला. चेन नुसती सरकायला लागली. तशीच ढकलत एका गावात पोचलो. तिथे एक छोटा हत्ती, म्हणजे टेम्पो, उभा होता. कुऱ्ह्यापर्यंत सोडता का, सहाच किलोमीटर आहे, डांबरी आहे. त्या भाऊनं माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि म्हणाला, आठशे. मी म्हटलं, अहो, सहा किलोमीटरला आठशे? "डिझल काय भाव हाय माहीत हाय ना सर? अन् गाडी धुवा लागन." लिटरला पंधरा किलोमीटर धरले तरी अर्धा लिटरही डिझेल लागत नाही. धुवायचे शंभर धरा, वेळेचे शंभर धरा. माझी तीनशे द्यायची तयारी होती. तो आठशेवरून हलला नाही, कारण माझी चप्पल त्याला दिसत होती. दिले. पेट्रोल वाचवायला सायकल घेतलेल्या माणसानं अर्ध्या महिन्याचं पेट्रोल एका टेम्पोत घातलं. अजूनही रात्री आठवतं.

तुमच्यावर अशी पाळी आलीच, तर गावात शिरायच्या आधी पाय धुवा आणि सायकल स्टँडवर लावून निवांत बसा. भाव सहज बोलल्यासारखा विचारा. घाई दिसली की भाव दुप्पट.

उलट कुऱ्ह्याला एका सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी तो हँगर पान्यात धरून हातानं सरळ केला, चाकाचा आउट काढला, पंक्चर जोडले आणि ऐंशी रुपये सांगितले. मी शंभर दिले, तर वीस परत केले.

आता सायकलबद्दल, कारण निघण्याआधी मी याबद्दल फार चुकीचं ऐकलं होतं. शहरातले सायकलवाले पातळ चाकाची, ७०० सीची सायकल घ्यायला सांगतात. आपल्याकडे नको. त्या मापाची ट्यूब तालुक्याला मिळायची नाही, सव्वीस इंचीची मिळते. व्हॉल्व्ह मोटरसायकलचा असतो तोच ठेवा, म्हणजे कुठल्याही पंक्चरच्या दुकानात, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला कॉम्प्रेसरचं तोंड बसत नाही. टायर १.९५ इंचाचा, जाड. बाभळीचा काटा त्यालाही मानत नाही, पण सराटे निम्मे तरी वरच मोडतात. मडगार्ड पावसाळ्यात शाळेत जायला हवेच, नाहीतर पाठीवर पट्टा उठतो. मात्र ते स्क्रू हातानं निघतील असे बसवा. माझे गंजलेले होते. स्क्रू निघाले असते तर पांधणीत अडीचऐवजी दीड तास लागला असता. रिम दाबणाऱ्या व्ही-ब्रेकपेक्षा डिस्क ब्रेकला चिखल कमी अडतो, एवढ्यासाठी तरी पैसे असतील तर डिस्क घ्या. मागे कॅरिअरला दोन बाजूंना पिशव्या, पाठीवर काही नाही. पाठीवरची सॅक हा मूर्खपणा आहे, पहिल्या दिवशी मीच केला. एक जादा हँगर सोबत ठेवा. सुपारीएवढा असतो आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा.

अमरावती ते परतवाडा, पन्नासेक किलोमीटर. रस्ता बरा, अमरावतीत गिला वडा खाऊन निघा. सांगण्यासारखं काही नाही.

परतवाड्याहून धामणगाव गढीपर्यंत पाय मोकळे होतात, मग घाट. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे. चढ कुठेच भिंतीसारखा नाही, पण संपत नाही. पुढे २४ दातांची चकती आणि मागे २८ दात, यावर मी सामानासकट न उतरता चढलो, दोन ठिकाणी झाडाखाली थांबलो ते धरू नका. मागे ३४ दातांचा फ्रीव्हील, म्हणजे आणखी हलका गिअर, असता तर गाणं म्हणत गेलो असतो. तीन लिटर पाणी खालूनच घ्या. सकाळी सहाला निघा, कारण सुट्टीत नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या वळणावर हॉर्न देत अंगावर येतात. अंधारात अजिबात नको. रानडुकरं आहेत, आणि मेळघाट वाघाचं घर आहे.

वर पोचलो तेव्हा लक्षात आलं की नावात चिखल असलेल्या गावाच्या रस्त्यावर चिखलाचा थेंब नाही. नाव मुळात कीचकदऱ्यावरून आलं म्हणतात, भीमानं कीचकाला मारून जिथं टाकला ती दरी. त्या काठावर उभं राहून मला त्या आठशेवाल्याचीच आठवण झाली.

परतीचं आधी ठरवून ठेवा. अचलपूरची शकुंतला रेल्वे बंद आहे, त्यामुळे परतवाड्याहून एसटी किंवा पुन्हा पेडल. मला मिळालेल्या गाडीला टपावर कॅरिअर नव्हतं. पुढचं चाक काढून सायकल डिकीत घातली आणि सामानाचं तिकीट काढलं. वाहक भला होता. नसता, तर काय केलं असतं माहीत नाही.

पेडलच्या आसातून अजून कुरकुर येते, आत काळी माती असणार. रविवारी खोलून बघतो.