143चा फिर्यादी

सायबर पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेणं हे माझं रोजचंच काम. पैसे गेलेला माणूस समोर बसतो, आधी लाजतो, मग चिडतो, आणि शेवटी "परत कधी मिळतील?" यावर येतो. त्या दिवशी समोर बसलेला मुलगा मात्र पलीकडच्या बाजूचा होता. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधल्या माए सॉतहून दोन खेपांत 549 भारतीयांना परत आणलं, त्यातला हा आमच्या जिल्ह्यातला. पॉलिटेक्निक झालेला, सोबत वडील.

बँकॉकला डेटा एन्ट्रीचं काम, 80 हजार पगार, असं सांगून ओळखीतल्याच एजंटाने दीड लाख घेतले होते. थायलंडला तेव्हा आपल्याला व्हिसा लागत नव्हता, त्यामुळे नोकरीचे कागद कुणी बघायचा प्रश्नच आला नाही. विमानतळाबाहेर गाडी उभी. रात्रभर प्रवास, मग होडीतून मोई नदी, आणि पलीकडे म्यानमारमधलं म्यावड्डी. पासपोर्ट पहिल्याच दिवशी काढून घेतला. पंधरा-सोळा तास काम. टार्गेट चुकलं की उठाबशा, पुन्हा चुकलं की शॉक. सुटायचं तर कंपनीने 'तुझ्यासाठी मोजलेले' डॉलर भर म्हणे. त्याने बाही वर केली. दंडावरचे डाग बघून मी जबाब थांबवला आणि आधी मेडिकलचं पत्र काढलं.

टेबलावर दुसऱ्या एका गुन्ह्याचे कागद होते. एका निवृत्त शिक्षिकेचे शेअर ट्रेडिंगच्या बनावट ॲपमध्ये पैसे गेले होते, त्या चॅटचे प्रिंट. मुलगा बोलता बोलता थांबला. त्याच्या बाजूने उलटं दिसणारं पान त्याने वाचलं होतं.

"मॅडम, आता ते ह्यांना थोडे पैसे काढून देतील."

मी पान उलटलं. पाच हजार खात्यात जमा झाल्याचा मेसेज.

"पहिल्यांदा खरंच देतात, विश्वास बसायला. मोठी रक्कम टाकली की मग म्हणतात, टॅक्स भरा, तरच पैसे सुटतील."

तेही तिसऱ्या पानावर होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. वडील त्याच्याकडे बघतच राहिले. पोरगं तिथे नेमकं काय करत होतं, हे त्यांना बहुधा तेव्हा कळलं.

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाले, "मॅडम, हा कसला बळी? चांगला तयार कारागीर निघाला. आरोपी करा ह्याला."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. भारतीय न्याय संहितेचं 318 म्हणजे फसवणूक, आयटी ॲक्टचं 66ड म्हणजे संगणकावरून तोतयेगिरी करून फसवणूक, दोन्ही कलमं त्याच्या अंगावर बसत होती. "मारहाण करून करून घेतलं" या बचावाला न्याय संहितेचं कलम 32 आहे, पण त्याची अट कडक: न केल्यास तत्काळ मृत्यू ओढवेल अशी भीती हवी. शिवाय आपणहून त्या परिस्थितीत शिरलेला माणूस नसावा. शॉकच्या भीतीने कोणीही सांगाल ते टाइप करेल, पण त्याने माणूस तत्काळ मरतो का, याचा कीस कोर्टात पाडत बसायचा. ब्रिटनने 2015 च्या कायद्यात तस्करीच्या बळींसाठी वेगळा बचाव ठेवला. आपल्याकडे जुन्या दंड संहितेच्या कलम 94 ची भाषाच 32 मध्ये उतरली. नवीन संहिता लिहायला बसलोच होतो, तर हे तेव्हाच करायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी त्याला फिर्यादी केलं. भरती इथे झाली, पैसे इथे घेतले, म्हणजे गुन्ह्याचा पहिला तुकडा आमच्याच हद्दीतला. कलम 143, मानवी तस्करी. त्यातल्या शोषणाच्या व्याख्येत गुलामगिरी आणि तत्सम प्रथा येतात; संगणकासमोर बसवलेला गुलाम बसत नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. तरी कलम टाकताना वरून फोन आलाच: "143? मुलगी आहे का?" तस्करी म्हटलं की आमच्या खात्याच्या डोळ्यांसमोर अजून कुंटणखानाच येतो. सोबत 1983 च्या उत्प्रवास कायद्याची कलमं लावली, कारण एजंटाकडे परदेशी भरतीची नोंदणीच नव्हती.

एजंटाच्या खात्यात आणखी दोन घरांतून आलेले पैसे सापडले. एकाहून जास्त माणसांची तस्करी म्हणजे 143 चं तिसरं पोटकलम, किमान दहा वर्षं ते जन्मठेप. रिमांडला एजंटाचे वकील म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, शिकलेला आहे, स्वतःच्या पायांनी विमानात चढला. सरकारी वकिलांनी फक्त कलमाखालचं स्पष्टीकरण वाचून दाखवलं: गुन्हा ठरवताना पीडिताची संमती विचारात घ्यायची नाही. पाच दिवसांची कोठडी मिळाली.

मुलाचा मॅजिस्ट्रेटसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 चा जबाब झाला, त्या दिवशी वडिलांनी मला कोर्टाच्या आवारात गाठलं. त्याने चॅट केलेली माणसं वेगवेगळ्या राज्यांतली. उद्या तिकडच्या पोलिसांची नोटीस आली तर?

"येऊ शकते, काका. आली तर घ्यायची, टाळायची नाही. ह्या एफआयआरची आणि मेडिकलची प्रत घेऊन वकिलाबरोबर हजर व्हायचं. आणि तिथल्या तपासी अंमलदाराला माझा नंबर द्यायचा."

त्यांनी नंबर मोबाईलमध्ये घेतला आणि खात्री करायला तिथल्या तिथे मिसकॉल दिला.